मोठीमायची जट

आमच्या मोठीमायच्या डोक्यावरून पाणी पडलेलं मी जन्मात एकदाच पाहिलं. मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. वलगावच्या मळ्यात शेवंती-झेंडू लावायची आणि अमरावतीच्या बाजारात विकायची. बाजारातल्या निम्म्या बायकांच्या वेण्यांत तिचे गजरे, आणि तिच्या डोक्यावर मात्र मनगटाएवढी जाड जट, कमरेपर्यंत लोंबणारी, सदा पदराखाली.

झालं होतं एवढंच की टायफॉइडने ती दोन महिने अंथरुणावर होती. तेल नाही, फणी नाही, केस गुंतले. पण शेजारणी आल्या, हळदकुंकू वाहून गेल्या आणि बजावून गेल्या, "देवी आली बाई. पानी लावू नोको, घरच्यावर येते." मग काय! दर मंगळवारी त्या जटेवर हळद, कुंकू, गोडेतेल आणि वर वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचा घाम. टाळू खाजली की ती फुलं ओवायची सुई आत खुपसायची. मान आखडली की म्हणायची, "तिचं वजन हाय, सोसा लागते." न धुतलेल्या जटेत उवा होत नाहीत, असंही तिला कोणी सांगितलं होतं. मी या डोळ्यांनी पाहिल्यात.

माझं अकोल्यात पार्लर आहे. दिवसभर जगाची डोकी धुते, आणि घरच्या एका डोक्यापुढे हात टेकले! एकदा एक कॉलेजातला मुलगा आला, हौसेने जटा करून घेतलेला. दर रविवारी शाम्पू करतो, मग पंख्याखाली बसून पार आतपर्यंत वाळवतो, म्हणाला. ओली बांधली तर कुबट वास येतो, धुतली म्हणून सुटत नाही. मी लगेच मोठीमायला फोन लावला. ती खो खो हसली. "त्यानं बनवली वं पोरी, माही आली."

तरी तीन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला बसवलंच. "कापत नाही मोठीमाय, नुसती धुते." कोमट पाणी, तीनदा शाम्पू. मोरीत काळं-पिवळं पाणी वाहत होतं आणि ती डोळे मिटून बसली होती. "आणखी टाक वं," म्हणाली. "डोकं असं हल्कं असते काय लोकायचं?" दुपारभर गच्चीच्या दारात वाऱ्याला बसून जट वाळवली आणि सारखी हुंगत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिचा मुलगा बाळापूरच्या रस्त्यावर गाडीवरून पडला. पाय मोडला. मी हजारदा सांगितलं, तो गाडी चालवताना मोबाइलवर बोलत होता.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "पन मनातून जात नाही ना. तू आता मले धुवाले म्हनू नोको." त्यानंतर मी म्हटलं नाही. सणावारी भेटलो की ती माझे केस हातात घेऊन विचारायची, "आज न्हाली काय वं?" मला तोंड कुठे लपवू असं व्हायचं.

यंदा उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाने ती गेली. बायकांनी तिला शेवटची आंघोळ घालायला घेतली. मी पर्समध्ये शाम्पूची बाटली घेऊनच गेले होते. आता तरी कोणावर काय यायचंय? तांब्या उचलला, तर तिच्या सुनेने मनगट धरलं. छातीशी दोन महिन्यांचं बाळ.

"ताई, डोक्यावरून नोका घालू. माह्यं लेकरू लहान हाय."

तिला सांगण्यासारखं माझ्याकडे सगळं होतं. पण तिच्यात मला माझी मोठीमायच दिसली. मी खांद्यावरून पाणी घातलं. जट कोरडीच राहिली.

मोठीमायला नेल्यावर घरात सगळ्यांच्या आंघोळी सुरू झाल्या. सुनेने माझ्यासाठी बादली भरली, शाम्पूची पुडी आणून हातात ठेवली.

"डोक्यावरून घ्या बरं ताई," ती म्हणाली. "मयतीचं हाय, घ्याच लागते."