पहिल्या हसण्याचं मीठ

लाल दरीच्या तोंडाशी, जिथं डांबर संपून माती सुरू होते, तिथं अर्लीन आतेनेची टपरी आहे. जुनिपरच्या झाडाचे चार खांब, वर फळ्या, पुढं पिरोज्याच्या माळा आणि मागं भाकरी तळायची कढई. तिची आईही तिथंच बसायची. समोरचे उंच लाल कडे सकाळी अर्लीनच्या पायाशी सावली टाकतात आणि संध्याकाळी काढून नेतात. त्या कड्यांचा तिला कधी हेवा वाटला नाही. बाकी सगळ्यांचा वाटला.

सगळ्यात जास्त वाटला तो थोरल्या बहिणीचा. बर्निटाच्या मेंढ्यांना जुळी होत, अर्लीनच्या कड्यावरून पडत. बर्निटाला नवरा मिळाला तो जीपसकट, अर्लीनला मिळाला तो नुसताच, आणि तोही टिकला नाही. आता नवऱ्यामागं बर्निटा ती उघडी जीप स्वतः हाकते आणि पाहुण्यांना दरी दाखवते.

त्यानंतर हेवा त्या चालत्या घरांचा. उन्हाळाभर आरव्ही गाड्या टपरीसमोर येऊन थांबतात. घराला चाकं, चाकांवर न्हाणीघर, न्हाणीघरात नळ! आणि अर्लीनचं घर जन्मापासून जागच्या जागी, तरी पाणी मात्र पिंपात भरून लांबच्या विहिरीवरून आणायचं. "यांचं पाणीसुद्धा फिरायला जातं," ती म्हणायची.

त्या उन्हाळ्यात मात्र तिच्याकडं एक गोष्ट होती, जिचा कुणालाही हेवा वाटावा. तिची मुलगी शेरिल तान्ह्या लेकीला घेऊन माहेरी आली होती. मेलानी, अर्लीनची पहिली नात. ती अजून हसली नव्हती.

आमच्या दरीतल्या लोकांत तान्हं मूल पहिल्यांदा खळखळून हसलं की ज्यानं हसवलं त्यानं गावजेवण घालायचं. मुलाच्या हातानं प्रत्येकाच्या तळहातावर मिठाचा खडा ठेवायचा, म्हणजे मूल मोठेपणी देत्या हाताचं होतं. आणि हसवणाऱ्याचा स्वभाव मुलात उतरतो, असं जुनी माणसं सांगतात. घरातल्या आधीच्या तिन्ही पोरांना बर्निटानं हसवलं होतं. तिन्ही जेवणांत अर्लीन रांगेत उभी होती, हात पसरून. ही चौथी तिला स्वतःला हवी होती.

शेरिल शहरात कामाला जाई, तेव्हा अर्लीन मेलानीला पाळणाफळीत बांधून टपरीवर आणी. बर्निटाची जीप दिसली की फळी वळवून ठेवी.

"काय गं, नातीला खांबाकडं तोंड करून ठेवलीस? शिक्षा केलीस की काय?" बर्निटा जीपमधूनच ओरडे.

"तिला वारा सोसत नाही, ताई."

"वारा तर खांबाकडूनच येतोय."

"मग तुझं तोंड सोसत नाही म्हण!"

दिवसभर अर्लीन नातीसमोर मेंढीसारखी बें बें करी, नाक फेंदारी, भाकरीचा मुखवटा करी. मेलानी तिच्याकडं न्यायाधीशासारखी बघत राही.

एके दिवशी पांढरीशुभ्र, लांबलचक आरव्ही येऊन थांबली. आत म्हातारं जोडपं, गॉर्डन आणि फ्रॅन. गॉर्डननं विचारलं, "आमची गाडी खाली दरीत जाईल का हो?"

मोठ्या गाड्यांना मनाई असल्याचा फलक पलीकडंच होता, पण त्याची अर्धी अक्षरं वाळूनं खाल्लेली. पलीकडं बर्निटाची जीप रिकामी उभी होती. बहिणीच्या जीपनं जा, एवढंच सांगायचं होतं. आजवर अर्लीन प्रत्येकाला तेच सांगत आली होती. त्या दिवशी जीभ भलतीकडंच वळली.

"जातात की," ती म्हणाली. "सावकाश गेलं म्हणजे झालं."

आरव्ही डुलत डुलत खाली गेली. थोड्या वेळानं बर्निटा लंगडत, तणतणत आली. "ओढ्यात चालतं घर रुतलंय. म्हाताऱ्यांना खाली कुणी सोडलं?"

अर्लीन कढई पुसत राहिली. मग गुपचूप पोरीला उचलून जीपमध्ये बसली.

कोरड्या ओढ्याच्या वाळूत आरव्हीची मागची चाकं निम्मी गडप झाली होती. दगड लागून खालची पाण्याची टाकी फुटली होती आणि ते फिरायला आलेलं पाणी वाळूत चिखल करत होतं. फ्रॅन सावलीत बसून थरथरत होती.

"या बाई म्हणाल्या, जातात," गॉर्डन म्हणाला.

बर्निटानं बहिणीकडं पाहिलं. "खोटं नाही बोलली. बघा ना, कुठवर आलात!"

अर्लीनचे कान तापले. तिनं जीपमधलं फावडं ओढलं. बर्निटाचा गुडघा नुकताच कापून शिवलेला, तिला खणणं जमणार नव्हतं. मग पोर कुणाकडं द्यायची? फ्रॅनचे हात तर कापत होते.

"दे इकडं," बर्निटानं हात पसरले.

अर्लीनचा जीव तुटला. साऱ्या जगात पोर द्यायची ती हिच्याकडंच! पण चूक आपली होती. "तोंड माझ्याकडं ठेव तिचं," ती म्हणाली.

"ठेवते, बाई. खाणार नाही तुझ्या नातीला."

अर्लीननं चाकांभोवतीची वाळू उपसली, जुनिपरच्या फांद्या खाली दडपल्या. मग पाठ लावून जोर केला आणि ओरडली, "हाण!" गॉर्डननं हाणलं. चाक गरकन फिरलं आणि ओढ्याचा सगळा लाल चिखल अर्लीनच्या अंगावर आला. गाडी सुटली. अर्लीन तिथंच उभी राहिली, डोक्यापासून पायापर्यंत लाल, जणू कड्याचाच एक तुकडा. तिनं तोंडातला चिखल थुंकला.

आणि मेलानी हसली. खळखळून, पोट हलवून, दोन्ही मुठी उडवत.

अर्लीनला दिसलं ते एवढंच, की पोर बर्निटाच्या हातात आहे.

"तुझ्याकडं हसली," ती कडवटपणे म्हणाली. "घाल जेवण. चौथं."

बर्निटा हो म्हणाली असती तर कोण अडवणार होतं? पण तिनं पोरीला थोपटलं. "माझ्याकडं तिची पाठ होती. तूच सांगितलंस ना, तोंड तुझ्याकडं ठेव म्हणून? तुला बघून हसली." आणि ती गालात हसली. "आता तुझाच स्वभाव घेणार, बघ. उद्या दुसऱ्यांच्या मेंढ्यांची जुळी मोजत बसेल."

थट्टाच होती, पण अर्लीनच्या काळजात काट्यासारखी बसली. इतकं हवं होतं ते मिळालं होतं, आणि आता त्याचीच धास्ती वाटत होती.

जेवणाला दोन मेंढ्या कापल्या. गाडी दुरुस्तीला अडकल्यामुळं गॉर्डन आणि फ्रॅनही आले. गाडीतला नळ फुटक्या टाकीमुळं कोरडा पडला होता, म्हणून त्यांना एक पिंप अर्लीननं आपल्या पाण्यातून भरून दिलं. मेलानीला मांडीवर घेऊन ती बसली आणि पोरीच्या मुठीनं एकेकाच्या हातावर मीठ ठेवू लागली. बर्निटा रांगेत आली, हात पसरून. आयुष्यात पहिल्यांदा ती पुढं उभी होती आणि अर्लीन बसलेली. अर्लीननं ताटातला सगळ्यात मोठा खडा निवडला.

"एवढा? मला काय मेंढी समजलीस का चाटायला?"

"गप घे, ताई. पोर देतेय, मी नाही."

तेवढ्यात मेलानीनं बर्निटाचं बोट धरलं, आणि तिच्याकडं बघून गोड हसली. अर्लीनच्या आत जुनी कळ उठलीच. तरी तिनं पोरीची मूठ पुन्हा ताटाकडं नेली, आणि ताईच्या तळहातावर आणखी एक खडा ठेवला.