हळदकुंकू लावलेला पीएच मीटर

मित्रमैत्रिणींनो, आज फार थकले आहे, तरी लिहिते.

निमगाव सावातल्या पाणी तपासणी केंद्रात मी काम करते. परवा खंडेनवमीला केंद्र चालवणाऱ्या नानांनी पीएच मीटर पूजेला मांडला. त्याच्या इलेक्ट्रोडचं काचेचं टोक कायम खारट द्रावणात ओलं ठेवावं लागतं. नानांनी प्रेमाने टोपण काढलं, टोक धुऊन कोरडं पुसलं आणि हळदकुंकू लावलं. तेव्हापासून ते तसंच होतं.

आज सकाळी दत्ताभाऊ शेततळ्याचं पाणी घेऊन आले. नळ्यांत साचलेले क्षार काढायला त्यांना द्राक्षबागेत ठिबकमधून ॲसिड सोडायचं होतं; ते किती, हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. मी आधी मीटर तपासला. चार पीएचच्या द्रावणातही तो सातच दाखवत होता.

"सात आलाय की ताई. लिहा तोच."

"भाऊ, हा लिंबाच्या रसातपण सातच दाखवेल. इलेक्ट्रोड भिजत ठेवते, उद्या या."

"माणसं आज लावलीत राव! एवढं शिकून 'थांबा' म्हणायलाच बसलाय व्हय तुमी?"

अंदाजानं सोडतो म्हणत ते निघून गेले. ॲसिड जास्त झालं तर मुळ्या जळतील.

नाना हिरमुसून म्हणाले, "मशीनची पूजापण करायची न्हाई का आता?"

"करा नाना. फक्त टोपण काढू नका."

दुपारी दत्ताभाऊंना फोन केला. त्यांनी उचलला नाही.

खोटा सात लिहून दिला असता, तरी ॲसिड अंदाजानेच पडलं असतं, हे मला कळतं. पण खऱ्या आकड्यासाठी एक दिवस थांबा, हे घाईतल्या माणसाला पटेल असं कसं सांगायचं? तुम्ही कसं सांगता?