राक्षसिणीचा आवाज

पद्मिनी बोकारे आयर्लंडमधल्या नास गावच्या इस्पितळात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. या कामाला औषधांइतकाच आवाज लागतो. निम्म्या पेशंटना ऐकू येत नाही, आणि कानातलं यंत्र नेमकं उशीखाली राहिलेलं असतं. पद्मिनीचा नागपुरी गळा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचा. तिथल्या आज्या तिच्यावर खूश असायच्या, कारण तिचं बोलणं त्यांना पहिल्या फटक्यात कळायचं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली, पण आवाजाची नस दुखावली. चूक कुणाचीच नव्हती. असं कधीकधी होतं, हे ती स्वतःच पेशंटना सांगत आली होती. कित्येक महिने नुसती कुजबुज. मग गळ्याचे व्यायाम, आणि हळूहळू आवाज परत आला, पण तो तिचा नव्हता. जाड, खरखरीत, खोल विहिरीतून आल्यासारखा. फोनवर लोक तिला 'सर' म्हणू लागले. वॉर्डात बोलावंच लागायचं म्हणून ती बोलायची. बाहेर मात्र तिने तोंड मिटून घेतलं. चारचौघांत रंगवून किस्से सांगणारी बाई कोपऱ्यात बसून हसू लागली.

तिच्या वाटचं बोलणं रणजितने अंगावर घेतलं. रणजित तिचा नवरा, पुण्याचा, सँट्री या उपनगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा. वेटरने तिच्याकडे पाहिलं की उत्तर हा द्यायचा. शेजारणीने 'कशी आहेस?' विचारलं की 'ग्रँड, ग्रँड,' म्हणजे एकदम मजेत, असं तिथल्या पद्धतीने हाच म्हणायचा. आपण तिचा त्रास वाचवतोय असं त्याला वाटे. पहिल्यांदा तिलाही तसंच वाटलं होतं.

मे महिन्यात दोघांना आठवड्याच्या मधल्या वारी एकत्र सुट्टी मिळाली, तेव्हा ती दोघं विकलोच्या बाजूला समुद्राजवळ असलेल्या सिनेमाच्या पार्कात गेली. घाई कसलीच नव्हती. सिनेमासाठी उभारलेल्या खोट्या गल्लीतून दोघं रमतगमत फिरली. दुकानांच्या पाट्या खऱ्या, दारं खरी, आणि दार उघडलं की मागे नुसतं गवत. पद्मिनीला त्याची फार गंमत वाटली. ती प्रत्येक दार उघडून पाहत होती. मग जहाजाच्या पाळण्यात बसणं झालं, बाकावर बसून व्हिनेगर शिंपडलेले चिप्स झाले. पाऊस भुरभुरला तसा आडोसा म्हणून ती दोघं समोरच्या हॉलमध्ये शिरली.

आत आवाज भरण्याचा खेळ चालला होता. मोठ्या पडद्यावर कार्टूनचा एक मुका प्रसंग. काळ्या गुहेत झोपलेली समुद्रराक्षसीण जागी होते, उठून उभी राहते आणि आपल्या हद्दीत आलेलं जहाज हाकलून लावते. प्रेक्षकांतल्या कुणीतरी पुढे येऊन तिला आवाज द्यायचा. एका कॉलेजच्या मुलाने प्रयत्न केला, तर राक्षसीण सर्दी झाल्यासारखी वाटली. मग एक हौशी बाबा गेला. त्याची राक्षसीण इतकी लाडिक निघाली की शाळेच्या सहलीची मुलं खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसली.

कार्यक्रम चालवणारी लाल केसांची मुलगी माइक घेऊन रांगांमधून फिरत पद्मिनीपाशी थांबली. "तुम्ही येता का?"

"नाही, नाही," रणजित चटकन म्हणाला. "तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. तिला नाही जमणार."

ती मुलगी ओशाळून पुढे सरकणार, तोच पद्मिनीने रणजितच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रणजित, तिने मला विचारलंय," ती मराठीत म्हणाली. आवाज चढवला नव्हता. मग ती उठली.

ती स्टेजच्या पायऱ्या चढून वर जाताना रणजित खुर्चीच्या कडेला सरकून बसला. लोक तिला हसले तर, एवढंच त्याच्या मनात होतं.

पडद्यावर राक्षसिणीने डोळे उघडले. पद्मिनीने मुलीने दिलेल्या कागदाकडे एकदा पाहिलं आणि इंग्रजी वाक्य म्हटलं. ते तळघरातून आल्यासारखं हॉलभर पसरलं. सहलीची मुलं एकदम गप्प झाली. पहिल्या रांगेतल्या एका छोटीने शिक्षिकेच्या कोटात तोंड खुपसलं. आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाने मान वर करून ही बाई कोण ते पाहिलं.

प्रसंग संपला, टाळ्या झाल्या, तरी लाल केसांची मुलगी तिला सोडेना. "आता तुमच्या भाषेत. मनाला येईल ते."

पुण्यात सासरी आणि इथे मराठी मंडळींत पद्मिनी जी नीटनेटकी मराठी बोलायची ती या राक्षसिणीच्या तोंडी शोभली नसती. प्रसंग पुन्हा सुरू झाला, राक्षसीण उठून उभी राहिली आणि पद्मिनीच्या गळ्यातून थेट नागपूर बाहेर आलं.

"कोन आहे बे तिकडं? माह्या समुद्रात काहून आले तुमी? निंघा इथून, नाही त जहाज उचलून फेकून देईन!"

शेवटचा शब्द तिने असा लांबवला की पडद्यावरचं जहाज त्यानेच मागे फिरल्यासारखं वाटलं. रणजित सोडून भाषा कुणालाच कळली नव्हती, पण धमकी सगळ्यांना कळली. हॉल उभा राहिला. कोटात लपलेली छोटी आता खुर्चीवर चढून "पुन्हा, पुन्हा" म्हणत होती. रणजितला टाळ्या वाजवायचं सुचलंच नाही. आपली बायको हसत हसत झुकून सगळ्यांना नमस्कार करतेय, हे तो नुसता पाहत राहिला.

खाली आल्यावर ती त्याच्या शेजारी बसली. तिला धाप लागली होती.

"मी उगाच मधे बोललो," तो म्हणाला.

"दोन वर्षं बोलतोयस," पद्मिनी म्हणाली. "चांगल्या मनाने बोलतोस, माहीत आहे मला. पण हा आवाज खराब नाहीये रे. नुसता वेगळा आहे. तो लपवायचा असतो असं तुझ्यासारखंच मलाही वाटायला लागलं होतं."

रणजितने मान डोलावली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्याच्या खिशात चिप्सचा तेलकट कागदच तेवढा होता. ते पाहून पद्मिनी मोठ्याने हसली. जाड, खरखरीत हसू. दोन रांगा पुढची माणसं वळून पाहू लागली तरी ती थांबली नाही.

दिवसभरात भरलेल्या आवाजांतला एक निवडून पार्क बंद व्हायच्या वेळी चौकातल्या उघड्या पडद्यावर दाखवायची तिथली पद्धत होती. संध्याकाळी पाऊस थांबलेला, ऊन तिरपं झालेलं. माणसं मुलांना कडेवर घेऊन चौकात जमली, आणि राक्षसीण नागपुरीत गरजली. घरी निघालेले लोक फाटकापाशी थबकून मागे वळले.

सहलीच्या मुलांनी पद्मिनीला ओळखलं. ती तिच्याभोवती गोळा झाली आणि एकाने विचारलं, "हा तुझा खरा आवाज आहे?"

"हो," पद्मिनी म्हणाली. "माझाच आहे. शिकायचाय का?"

मग तिने पोरांना ओळीने उभं केलं, पोटात हवा कशी भरायची ते दाखवलं, आणि चौकाच्या मधोमध एकेक शब्द सांगायला सुरुवात केली. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडू लागली, "कोन आहे बे तिकडं?" रणजित ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याचा उच्चार सगळ्यांत वाईट होता, आणि पद्मिनीने त्याला ते वाक्य सगळ्यांदेखत तीनदा म्हणायला लावलं.