कात्रीपर्यंतची पाच पावलं

फोन आला तेव्हा मी पुलगावच्या बाजारात ब्लाउजच्या हुकांची पाकिटं घेत होते. "मोठी आई गेली," एवढंच पुतण्या बोलला. आणि मी खुळी, पाकिटं घेऊनच घरी आले... आता ती कोणासाठी, हे त्या घटकेला सुचलंच नाही.

सुमनबाई माझ्या थोरल्या जाऊ, घरातली पोरं त्यांना मोठी आई म्हणायची. नाचणगावात आमच्या ओसरीवर त्या ब्लाउज शिवायच्या, मी हातशिलाई करायचे. मापं घेतली की पाच पावलांवर कापायचं टेबल. तेवढ्या वाटेत आठ आकडे डोक्यात, कागदावर एक नाही. मधे कोणी बोललेलं खपायचं नाही. नव्वद सालच्या सुमाराला लग्नसराईत दिवसाला दहा दहा ब्लाउज कापले, पण बाही जोडायचा मुंढा कधी चुकला नाही. मग चार वर्षांमागं एकदा त्या कात्री धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. "मंदा, बाही किती होती वं?"

वर्ध्याच्या डॉक्टरांनी चार आकडे सांगून उलटे म्हणायला लावले. बाईंना दोनच जमले. लग्नातल्या पातळांचे रंग मात्र धडाधड सांगितले. डॉक्टर म्हणाले, "जुनं शाबूत आहे. आत्ता ऐकलेलं काम होईस्तोवर धरून ठेवायला मेंदूचे भाग एकमेकांना निरोप देतात. ते वाटेत हरवतात." बाहेर येताच बाईंनी माझं मनगट गच्च धरलं. "कोणाले सांगू नको. मापं लिहाची वही दिसली की बायका समजतीन. मशीन सुटली तं मी काय करू वं?"

मग मी तोंड सोडलं. बाई आता एकेक माप घेऊन टेबलावरच्या कापडावर एकेक खूण करायच्या, आणि मी ओसरीभर ओरडायचे, "कंबर छत्तीस! काय खाऊन राह्यली वं तू?" टेबल येईस्तोवर तोच छत्तीसचा घोष. बायका चिडायच्या, "हळू बोल न माय!" बाई मला रागवायच्या, पण कान माझ्याकडेच. चार वर्षं माझा जीव त्या पाच पावलांत अडकलेला होता. गावात मी तोंडाळ ठरले, ठरू दे. शेवटचा ब्लाउज त्यांनी जायच्या आठवडाभर आधी कापला. कोणाला काही कळलं नाही.

परवा पहिल्यांदाच दुसरीकडे मापाला गेले. तिथल्या पोरीनं टेप लावला आणि माझ्या तोंडून निघालंच, "खांदा चौदा!" साऱ्या बायका वळून पाहायला लागल्या. पोरगी हसली. "मावशी, लिहिलं मी."

हो म्हटलं... पण ती टेबलाशी जाऊन कात्री लावेस्तोवर मी मनात म्हणतच होते, चौदा, चौदा, चौदा.