मोराचं डोकं आणि दोन केबली

लग्नानंतर आमचं पहिलं मोठं भांडण झालं ते केबलवरून.

नवरा आणि मी, दोघंही इलेक्ट्रॉनिक्सवाले. सासऱ्यांचा सोलापुरात टॉवेलचा कारखाना. विणलेलं कापड तपासणीच्या टेबलावरून सरसर पुढं जातं आणि एखादा तुटका धागा नजरेतून सुटतोच. म्हणून आम्ही कॅमेऱ्याचा बोर्ड घरीच बनवला. प्रश्न एवढाच उरला, की त्यातून धो धो येणारी चित्रं कॉम्प्युटरपर्यंत न्यायची कशी.

नवरा म्हणाला, "बोर्ड कार्डासारखा थेट कॉम्प्युटरच्या पोटात बसवू. पीसीआय एक्सप्रेस. याहून वेगवान काही नाही."

मी यूएसबीची बाजू घेतली. "प्रत्येक वेळी कॉम्प्युटरचं पोट कोण फाडणार? बाहेरून लावलं, काढलं, झालं."

एकमत होईना, तेव्हा बोर्डवर दोन्ही सोयी ठेवल्या. कोपऱ्यात जागा उरली म्हणून नेटवर्क केबलचं सॉकेटही बसवलं. त्याच्या बाजूनं भांडायला कुणीच नव्हतं.

पहिली पाळी नवऱ्याची. कार्ड आत, म्हणजे कॉम्प्युटरही कॅमेऱ्याशेजारी, मागांच्या खडखडाटात. चित्रं सुरेख आली. आम्ही जेवून परतलो, तर कॉम्प्युटर बंद! उघडून पाहिलं, पंख्यावर कापसाच्या तुसाची गोधडी.

सासरे वाकून बघत म्हणाले, "ह्यानं पण विणायला घेतलं की काय?"

मग माझी पाळी. कॉम्प्युटर वरच्या खोलीत नेला आणि तिथपर्यंत लांबलचक यूएसबी केबल ओढली. पडद्यावर टॉवेलवरचा मोर आला. शेपूट झकास, डोकं गायब. दुसऱ्या मोराचे पायच नाहीत. एवढ्या लांबीला यूएसबी दमते, हे मला माहीत होतं, पण हट्ट होता ना.

"तुझ्या मोराचं डोकं कुठं गेलं गं?" नवऱ्यानं लाडानं विचारलं. पुढचे काही दिवस आम्ही फक्त भाजी काय करायची एवढंच बोललो.

शेवटी सासरेच वैतागले. "भांडा लई, पण आधी सांगा, सेकंदाला माल किती येतोय तुमचा?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जास्तीत जास्त वेग कुणाचा, यावर घसे कोरडे केले होते. आपल्याला लागतो किती, हे मोजलंच नव्हतं. कागद घेतला, कॅमेरा सेकंदाला चित्राच्या किती ओळी टिपतो ते आणि टेबलावरच्या कापडाचा वेग मांडला. कोपऱ्यातल्या त्या नेटवर्क सॉकेटातून सगळं आरामात जात होतं, वर जागा शिल्लक. आणि ती केबल जिन्यावरून वर नेली तरी दमणारी नव्हती. दोघांचीही तोंडं एकदमच पडली, म्हणून फारसं लागलं नाही.

नवी केबल लावून आम्ही वर बसलो. मोर डोक्यासकट आले. दोष दिसला की कॉम्प्युटर लाल चौकट काढायचा. अचानक भली मोठी चौकट उमटली, आत पाच बोटं.

मी जिन्यातून ओरडले, "मामा, हात काढा!"

सासरे खाली कापडावर हात फिरवत उभे होते. "म्हंजे माझा हात दोष हाय व्हय?"

"कॉम्प्युटर म्हणतोय!"

त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला, मग मुद्दाम बोटं नाचवली. पडद्यावर लाल चौकट त्यांच्यामागं धावत सुटली आणि नवरा पोट धरून हसत खुर्चीवरून घसरला.