साडेपाच तास

आमच्या बदलापूरच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं. पप्पा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला, आणि कंपनीची बस कोणासाठी थांबत नसे. घड्याळ पुढे आहे हे सगळ्यांना ठाऊक, तरी ते बघून सगळेच धावायचे. मला हसू यायचं. मी पडले शहाणी, विज्ञान शिकलेली!

तेव्हा मी मुंबईत एका संशोधन प्रकल्पावर होते. उपग्रहावरच्या गॅमा किरण मोजणाऱ्या उपकरणाच्या नोंदी चाळायच्या, हे माझं काम. फार फार दूर एखादा प्रचंड तारा कोसळतो, गॅमा किरणांचा स्फोट होतो आणि काही सेकंद ते उपकरण सुटल्यासारखं मोजत राहतं. आलेखावर उंचवटा दिसतो. वर्षभरात मला तसा एकच सापडला, चाळीस सेकंदांचा. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

प्रकल्पाच्या सरांनी आलेखाचा कागद बघून परत दिला. "दुपारी साडेतीन. त्या वेळी दुसऱ्या एकाही उपग्रहाला काही दिसलेलं नाही. तुझ्या एकटीचं कोण मानणार? उपकरणाचाच गोंधळ असेल."

माझी मुदत संपत आली होती आणि हाती काही नसताना ती वाढणार नव्हती. घरी येऊन मी रडले. पप्पा म्हणाले, "आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये जागा आहे. सोमवारी साहेबांना भेटू." मी हो म्हटलं, पण जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी वंदनेसाठी कुळगावच्या विहारात गेलो, तर दाराला कुलूप. पप्पा तापले. "लोकांना टायमाची किंमतच नाही!" किल्लीवाले काका आरामात आले आणि मनगट पुढे करून म्हणाले, "अहो, अजून वीस मिनिटं आहेत."

आदल्या दिवशी घड्याळात नवा सेल घातला होता. "मी दहाच मिनिटं पुढे केलं होतं," पप्पा म्हणाले.

आई म्हणाली, "मला वाटलं तुम्ही विसरलात. म्हणून मी पण केलं."

सगळे हसले. मी मात्र पायरीवर बसून हिशेब करू लागले. उपग्रहाची वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे येते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. ते मी मिळवले होते. पण नोंदींची ती फाइल एका सीनियर दादानं मला 'सोपी करून' दिली होती. त्यानंही आधीच मिळवले असतील तर?

वंदनेत माझं लक्ष नव्हतं, हे कबूल करते. घरी येऊन दुसऱ्या उपग्रहांच्या नोंदींची यादी काढली. साडेतीनमधून जादाचे साडेपाच तास वजा केले, आपल्या वेळेने सकाळचे दहा. त्या दिवशी दहा वाजता दुसऱ्या दोन उपग्रहांनी स्फोट पकडलेला, सेकंदासकट तोच. दादाला फोन लावला. "हो, मी आधीच मिळवून दिले होते. तुला त्रास नको म्हणून." त्याच्यावर चिडावं की हसावं, कळेना. मग सरांना लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "उद्या ये. मुदतीचं बघू."

पप्पांना समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तुझा तारा खरा?"

"खरा."

सोमवारी ते तयार होऊन दारात उभे होते. साहेबांना दाखवायची माझ्या सर्टिफिकेटांची फाइल रात्रीच त्यांच्या बॅगेत गेली होती. ती काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "तुझ्याकडेच ठेव. साहेबांना सांगतो, पोरीला तिचं काम आहे."