भाऊ, तुम्ही चहा पिऊन या

कळंबच्या तहसीलसमोर कडुनिंबाखाली उकंडाजी अर्जनवीस छत्तीस वर्षं टेबल मांडून बसत आले. उत्पन्नाचा दाखला म्हणा, वारस नोंद म्हणा, जो जे मागेल ते लिहून देत. पण हक्कसोडपत्राचं नाव काढलं की या माणसाचं डोकं फिरायचं. बाप गेला की आपल्याकडे बहिणी माहेरी येतात, वावरातला हिस्सा भावांच्या नावे सोडतात, साडीचोळी घेतात आणि डोळे पुसत परत जातात. ते इतकं रीतीचं झालंय की कोणी विचारतही नाही. उकंडाजी विचारायचे. आधी भावांना टपरीवर पिटाळायचे, "भाऊ, तुम्ही चहा पिऊन या." मग बहिणीला समोर बसवून म्हणायचे, "बाई, बापाच्या वावरात तुहा हिस्सा भावाएवढाच हाय. लग्न झालं म्हणून तो गेला नाही. रजिस्ट्रीत सही-अंगठा दिला का मंग गेला. सोडाचा असन तर सोड, पण समजून सोड."

शंभरातल्या नव्वद जणी तरीही सही करायच्या. उरलेल्या दहांचे भाऊ जाताना शिव्या हासडायचे. "बुढा बहिणी फितवते," अशी त्यांची ख्याती होती, आणि खोटं कशाला बोला, तिचा उकंडाजींना भारी अभिमान होता.

यंदा त्यांचे वडील मारोतराव गेले. आई आधीच गेलेली. मागे सहा एकर ओलिताचं वावर आणि वारस तीन: उकंडाजी, धाकटा श्रावण आणि सगळ्यांत लहान विमल, मुकुटबनला दिलेली. तेरवी झाली तसा श्रावण म्हणाला, "दादा, विमलची सही घेऊन टाकू." आणि आपले उकंडाजी काय म्हणाले? "हो, सोमवारी या." बस्स! स्वतःच्याच हातानं कागद तयार केला, बायकोनं साडी आणून ठेवली. मनात पाप नव्हतं हो. विमल घरचीच, तिला काय विचारायचं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

सोमवारी विमल आली, टेबलापुढे बसली. कागद सावकाश वाचला, पण पेनाला हात लावला नाही.

"दादा, सगळ्या तालुक्याच्या बहिणीले तू एकटं बसवून समजावतं म्हणे. मंग माह्या वेळी भाऊ चहा प्याले काहून नाही गेले?"

बाजूलाच उभा असलेला श्रावण हसला. उकंडाजींचं तोंड मात्र एवढंसं झालं. चूक तर कळलीच, पण ती आता निस्तरायची कशी? जो सांगणार तोच भाऊ, हिस्सा सुटला तर फायदा त्याचाच. शेवटी त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या अर्जनवीस निजामुद्दीनला हाक मारली. गिऱ्हाइकांवरून दोघांचं कधी पटलं नव्हतं.

"निजामभाई, हिले सगळं समजावून सांगा. माह्या बाजूनं एक शब्द बोलू नका." आणि श्रावणला घेऊन ते टपरीवर गेले.

दोन चहा सांगितले.

"येडा झाला का तू?" श्रावण चिडला. "दोन एकर जाईन ना!"

"ते दोन एकर तिचेच हायेत."

"मंग तू कायले घामाघूम होऊन राह्यला?"

खरंच घाम फुटला होता. निजामुद्दीननं जरा कमी सांगावं, असं आतून वाटत होतं. छत्तीस वर्षं ज्या भावांना ते हावरट म्हणत आले, तेही इथे असेच बसले असतील. उकंडाजींना स्वतःची लाज वाटली.

परतले तेव्हा विमल ताठ बसली होती. "दादा, मी सही नाही करत. आजपर्यंत माह्या नावावर काहीच नाही. बाबाच्या सातबाऱ्यावर माहं नाव राहू दे."

"मंग माहेर विसर," म्हणून श्रावणनं गाडीला किक मारली आणि निघून गेला.

उकंडाजींनाही राग आला, खराखुरा राग. तो गिळून त्यांनी हक्कसोडाचा कागद फाडला आणि वारस नोंदीचा अर्ज लिहायला घेतला. तिन्ही नावं घातली. विमलनं सही केली आणि तशीच बसून राहिली.

"दिवाळीले मले नेयाले येशीन?"

"येईन ना. हे काय विचारणं झालं?"

"लिहून दे."

ती थट्टा करत नव्हती. उकंडाजींनी कोरा कागद ओढला. 'दिवाळीला मी स्वतः मुकुटबनला येऊन बहीण विमल हिला माहेरी घेऊन येईन,' असं लिहून त्यांनी खाली सही ठोकली. विमलनं ते दोनदा वाचलं.

"याच्यावर श्रावणची सही नाही, दादा."

"नाही," उकंडाजी म्हणाले. तिनं कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि वणीची बस धरायला ती उठली.